रिकाम्या केबिनचं कौतुक

मोहम्मद बिन झायद सिटीतून दुबई मेट्रोत बसायचं, तर आधी दुबईची बस पकडावी लागते. म्हणजे तुमचा ड्रायव्हरविना प्रवास सुरू होतो तोच शंभरेक किलोमीटर बस चालवणाऱ्या ड्रायव्हरपासून. पाहुण्यांना मेट्रो दाखवताना मात्र आपण त्याच्याबद्दल बोलत नाही. आपण दाखवतो ती गाडीच्या टोकाची मोकळी काच. मग ठरलेलं वाक्य येतं: "इथे २००९ पासून ड्रायव्हर नाही, मुंबईत अजून माणूस लागतो!"

या वाक्यात दोन गफलती आहेत.

पहिली तंत्राची. मेट्रोच्या स्वयंचलनाच्या पायऱ्या असतात. दुसऱ्या पायरीवर गाडी स्वतःच वेग घेते, स्वतःच थांबते. माणूस दारं आणि पुढचा मार्ग सांभाळतो. चौथ्या पायरीवर गाडीत कर्मचारी असायलाच हवा असं नाही. मुंबईच्या मेट्रो २ए आणि ७ च्या गाड्या चौथ्या पायरीसाठीच बनवलेल्या आहेत. २ एप्रिल २०२२ ला त्या सुरू झाल्या, त्या मात्र चालकासह. दिल्लीच्या मजेंटा मार्गावर तर डिसेंबर २०२० मध्येच चालकविरहित सेवा सुरू झाली होती. तेव्हा प्रश्न 'आपल्याला जमत नाही' असा नाहीच. यंत्रावर कधी आणि किती विसंबायचं, हे माणसं ठरवतात.

दुसरी गफलत जास्त महत्त्वाची. ड्रायव्हर गेला म्हणून त्याचं काम गेलं, असं आपण धरून चालतो. खरं तर ते वाटलं गेलं. रुळावर कुणी पडू नये ही काळजी प्लॅटफॉर्मच्या काचेच्या दारांकडे गेली, निर्णय कंट्रोल रूमकडे, आणि उरलेलं स्टेशनवरच्या आणि देखभालीच्या लोकांकडे. गाडी वेळेवर धावते तेव्हा ही माणसं आपल्याला दिसत नाहीत. १६ एप्रिल २०२४ चा पाऊस आठवा. रेड लाइन विस्कळीत झाली, काही स्टेशनं महिनाभर बंद राहिली. पर्यायी सोय काय केली? बस! आणि बसला ड्रायव्हर होता.

मी स्वयंचलनाच्या विरोधात नाही. पण 'ड्रायव्हर आहे का?' हा प्रश्न फार सोपा आहे. त्याऐवजी विचारा: गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये अडकली, तर आतल्या म्हाताऱ्या आजींपर्यंत माणूस किती मिनिटांत पोचेल? हे दुबईत विचारा आणि सुट्टीला गेलात की मुंबईतही.