क्षयजंतू ‘दिसला’, त्यानंतरचे काम

वर्गात क्षयरोगाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येते : ‘१८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी सूक्ष्मदर्शकातून क्षयाचे जंतू पाहिले आणि रोगाचे कारण सापडले.’ यातले साल बरोबर आहे. ‘आणि’ हा शब्द मात्र खटकतो. कॉख यांचा मूळ निबंध वाचला, की या एका शब्दाखाली किती काम झाकले गेले आहे हे कळते. निबंधाचे मोलही त्याच कामात आहे.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनच्या शरीरक्रियाविज्ञान मंडळापुढे हा निबंध वाचला गेला आणि १० एप्रिलला तेथील एका वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. त्याआधीची परिस्थिती मोठी विचित्र होती. स्टेथोस्कोपचे जनक लेनेक यांनी १८१९ मध्येच, शवविच्छेदनात नुसत्या डोळ्यांनी पाहून, फुप्फुसातील बाजरीएवढ्या गाठी व चीजसारखा भुसभुशीत झालेला भाग ही एकाच रोगाची रूपे आहेत असे सांगितले होते. पुढे चांगले सूक्ष्मदर्शक आले. पेशींच्या अभ्यासात रूडोल्फ फिरखो यांच्याइतका अधिकारी पुरुष त्या काळी दुसरा नव्हता. त्यांनी काचपट्ट्या पाहून ठरवले की हे दोन वेगळे रोग आहेत! साधन सुधारले आणि समज मागे गेली. फिरखोंची नजर कमी नव्हती. दोन ठिकाणच्या पेशींची रचना खरोखरच वेगळी दिसते. पण दिसण्यातला फरक म्हणजे कारणातला फरक, हे त्यांनी गृहीत धरले. १८६५ मध्ये फ्रान्समध्ये व्हीलमँ यांनी गाठीतला अंश सशांना टोचून क्षय संक्रमित होतो हे दाखवले, तरी पुष्कळांना ते पटले नाही.

आता कॉख काय करतात ते पाहा. अल्कली मिसळलेल्या मिथिलिन ब्लूने ते ऊतीचा काप रंगवतात, मग वर तपकिरी रंग देतात. आजूबाजूचे सारे तपकिरी होते, बारीक काड्यांसारखे जंतू तेवढे निळे राहतात. (आपल्या तक्त्यांवर कॉख यांच्या छायाचित्राशेजारी लाल काड्या छापलेल्या असतात. ती पद्धत एर्लिख, झील व नीलसन यांच्या नंतरच्या सुधारणांतून आली.) लगेच ते स्वतःच सांगून टाकतात की कुष्ठरोगाचे जंतूही असाच रंग घेतात. म्हणजे रंग ही खूण आहे, पुरावा नव्हे. रोगट ऊतीत जंतू आढळले तरी ते रोगामुळे तिथे आले की रोग त्यांच्यामुळे झाला, हा प्रश्न उरतोच. म्हणून ते जंतू शरीराबाहेर, उष्णतेने घट्ट केलेल्या रक्तद्रवावर वाढवतात. वाढ इतकी मंद, की डोळ्यांना काही दिसायला दुसरा आठवडा उजाडतो. पिढ्यामागून पिढ्या वाढवून मग ते गिनीपिगना टोचतात. काही प्राणी न टोचता तुलनेसाठी ठेवतात. टोचलेल्यांना क्षय होतो.

निबंधाची लेखनशैली रूक्ष आहे, पण आक्षेप वाचकाच्या मनात येण्याआधीच लेखकाने उचललेला असतो. हा गुण मला आजच्या अनेक शोधनिबंधांत सापडत नाही.

तरीही एका ठिकाणी कॉख घाईने पुढे जातात. माणसाचा आणि गाईगुरांचा क्षय त्यांनी एकच मानला. दोन्हींचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे ओळखू येत नाहीत. १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत त्यांनी मत बदलून दोन्ही वेगळे आहेत असे सांगितले. हे बरोबर होते. पण गुरांच्या क्षयापासून माणसाला जवळजवळ धोका नाही, ही त्यांची पुस्ती चुकीची ठरली. ब्रिटनच्या शाही आयोगाने नंतर तिचे खंडन केले. दुधातून मुलांना होणाऱ्या क्षयाचा प्रश्न यात गुंतलेला होता, तेव्हा ही चूक किरकोळ म्हणता येत नाही.

हे सगळे जुने झाले असे समजू नये. बेडक्याच्या काचपट्टीवर जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये ते सुमारे ५,००० ते १०,००० असावे लागतात. त्याहून कमी असले तर तपासणी ‘निगेटिव्ह’ येते आणि रोगी मात्र क्षयाचाच असतो. जंतूंची जनुकीय तपासणी आता आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात वापरली जाते, त्याचे हे एक कारण. फुप्फुसाच्या तुकड्यात गाठी दिसल्या तरी तो क्षयच असेल असे नाही. सार्कॉयडोसिसमध्येही गाठी असतात, बहुधा मधला भाग न कुजलेल्या. काही बुरशींच्या रोगांत तर मधला भागही क्षयासारखाच कुजतो. दगडखाणीतल्या कामगाराच्या फुप्फुसातली सिलिकाची गाठ ओळखताना ध्रुवित प्रकाशाची मदत घेतात, शिवाय तो काय काम करत होता हेही विचारावे लागते. त्यातच सिलिकोसिस असलेल्याला क्षयही सहज जडतो, त्यामुळे एकाच कापात दोन्ही असू शकतात.

कॉख यांचा निबंध मूळ जर्मनमध्ये आहे, पण इंग्रजी भाषांतर मिळते. अकरावी-बारावीच्या मुलांबरोबर दोन तासिकांत तो वाचता येईल. मात्र रंगवण्याच्या कृतीपाशी थांबू नये, गिनीपिगपर्यंत जावे.