असदगड कोणी बांधला? वेशीवरचे लेख आणि आपले वाचन

अकोल्याचा असदगड कोणी बांधला, असे विचारले तर किल्ल्याच्या दोन वेशी दोन उत्तरे देतात. दहीहंडा वेशीवरच्या लेखात औरंगजेब बादशहा आणि त्याचा वजीर नबाब असदखान यांची नावे आहेत. अगरवेशीवरचा मराठी लेख म्हणतो, किल्ला गोविंद आप्पाजींनी १८४३ साली बांधला. जिल्हा गॅझेटियरने हा मराठी लेख इतर सर्व लेखांशी विसंगत ठरवला आणि विषय मिटला. पुढच्या बहुतेक लिखाणाने तोच निवाडा उतरवून घेतला. माझा आक्षेप या उतरवून घेण्याला आहे.

आधी ग्राह्य मानलेला लेख पाहू. त्याचा काळ हिजरी १११४, म्हणजे इ.स. १६९७, असा सर्रास छापला जातो. पण हिजरी १११४ हे वर्ष सुरू झाले मे १७०२ मध्ये. दोहोंपैकी निदान एक आकडा चुकला आहे. असदखान दोन्ही वर्षी वजीर होता, त्यामुळे त्याच्या नावावरूनही निकाल लागत नाही. पाच वर्षांचा फरक कोणाला क्षुल्लक वाटेल. पण ज्या लेखाच्या जोरावर दुसऱ्याला खोटे पाडायचे, त्याचे वर्ष तरी नीट लावलेले असावे.

बाळापूरची गत याहून वाईट. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा तो किल्ला औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने १७२१ मध्ये बांधायला घेतला आणि एलिचपूरचा नबाब इस्माईलखान याने १७५७ मध्ये पूर्ण केला, असे आपण वाचत आलो. आझमशहा जून १७०७ मध्येच जाजऊच्या लढाईत मारला गेला होता. मेलेल्या शहाजाद्याने चौदा वर्षांनी पाया घातला, हे वाक्य पुस्तकामागून पुस्तकात जाते आणि कोणी थांबत नाही.

आता नाकारलेला लेख. १८४३ मध्ये वऱ्हाड निजामाच्या राज्यात होते. १८५३ च्या तहाने ते इंग्रजांकडे गेले. म्हणजे निजामी अमलात, मोगलांच्या किल्ल्यावर, मराठीत लेख बसवला गेला. वऱ्हाडच्या इतिहासात ही गोष्ट असदखानाच्या नावाइतकीच मोलाची आहे. किल्ला आधीपासून उभा होता, तेव्हा गोविंद आप्पाजींनी तो मुळापासून बांधला नाही, हे मान्य. परंतु पडका तट सावरणारा, वेस नव्याने उभारणाराही 'बांधला' असेच म्हणतो. लेख अगरवेशीवर आहे. त्याचा अर्थ आधी अगरवेशीपुरता लावून पाहायला हवा होता. हे माझे अनुमान आहे, आणि ते तपासता येण्यासारखे आहे.

जिथे दगड बोलत नाही, तिथे नावे ऐकावीत. अमरावतीचा परकोट पेंढाऱ्यांच्या भयाने निजामाच्या सरकारने १८०७ मध्ये उभारला. पण अंबा, नागपुरी, खोलापुरी या दरवाजांत निजामाचे नाव कुठेच नाही. रस्ता जिकडे जातो, त्या ठिकाणाचे नाव लोकांनी दाराला दिले. अकोल्यातही दहीहंडा आणि अगर ही गावांचीच नावे. खुनारी खिडकी मात्र १८१८ च्या दंग्यातला रक्तपात अजून सांगते.

हल्ली हेरिटेज वॉक निघतात, ही आनंदाची गोष्ट. पण तिथेही कोणी असदखानाचा किल्ला दाखवतो, कोणी गोविंद आप्पाजींचा. ऐकणारा आपल्या आवडीचा लेख घरी नेतो. एकाच दिवशी दोन्ही वेशींवर थांबले, तर भांडणाचे कारण उरणार नाही. एकाच तटावर दोन काळांचे हात फिरले, एवढे समजेल. तिसरा हात १८७० च्या सुमारास तट पाडणाऱ्यांचा. त्यांनी लेख मागे ठेवला नाही.

काम फार मोठे नाही. दोन्ही लेखांचे ठसे घ्यावेत. मोगली लेख फारसीच्या जाणकाराने आणि मराठी लेख शिलालेखांच्या अभ्यासकाने वेशीपाशी उभे राहून वाचावा, आणि दोन्ही वाचने शेजारी शेजारी छापावीत. चुना आणि ऑइलपेंटचे थर अक्षरांवर चढायच्या आत हे व्हायला हवे. तोवर असदगडाविषयी 'अमुक साली अमुक याने बांधला' असे एका ओळीत लिहिण्याचे आपण थांबवावे. मीही पूर्वी तसेच लिहिले आहे.