अहवालातले रान

जळकोटहून मुखेडकडे जाताना बालाघाटच्या उतारांवर मुरमाड माळ लागतो. त्यावर खुरटी बाभळ, बोर, मधूनच एखादा पळस. अशा जमिनीला वन अहवालात एक विशेषण असते : झुडपी. वरवर किती साधे! भारतीय वन सर्वेक्षण वृक्षछत्राची दाटी मोजते. 70 टक्क्यांच्या वर अतिदाट, 40 ते 70 मध्यम दाट, 10 ते 40 विरळ, आणि त्याखाली घसरले की झुडपी, जे वनाच्छादनाच्या बेरजेतही धरले जात नाही. लातूर जिल्ह्याचे वनाच्छादन एक टक्क्याच्याही आत आहे. त्यामुळे राखलेला, चराईपासून जपलेला एखादा उतार जेव्हा 'झुडपी'मधून 'विरळ'मध्ये जातो, तेव्हा त्या शब्दबदलामागे किती पावसाळ्यांची राखण उभी असते, हे इथल्या वाचकाला चटकन उमगते. 'विरळ' हा शब्द इतका भाग्याचा वाटावा, असा प्रदेश आपला.

आता त्याच अहवालातला मोजणीचा तक्ता पाहू. प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवर, मोजला जातो. आकडे, रकाने, प्रजातींच्या लांबलचक याद्या यांच्या त्या निर्विकार मांडणीत अचानक एक माणूस उभा राहतो, झाडाला जवळजवळ मिठी मारून टेप गुंडाळणारा, आणि त्याच्या देहाचे माप शास्त्राचे माप होऊन बसते. परिशिष्टात पळस आणि ब्यूटिया मोनोस्पर्मा, धावडा आणि अ‍ॅनोगायसस लॅटिफोलिया शेजारी शेजारी नांदतात. रानातल्या माणसाचे नाव आणि वनस्पतिशास्त्राचे नाव यांना एका ओळीत बसवणारी ही यादी मला फार सुंदर वाटते. वनखात्यात नोकरी केलेल्या मारुती चितमपल्लींनी पक्षिकोश सिद्ध केला, हे अशा वेळी आठवावे.

पण खरा रस आहे तो क्रियापदांत. अशा अहवालांतली वनविभागाची 'कार्य आयोजना', म्हणजे वनव्यवस्थापनाचा आराखडा, साधारणपणे दहा वर्षांची असते आणि तिचे दोन भाग असतात. पहिल्यात वस्तुस्थिती : माती, खडक, पाऊस, आग, चराई, पूर्वी काय केले आणि काय हाती लागले. इथे सारे 'आहे' आणि 'होते'. दुसऱ्या भागात पाऊल टाकताच भाषेचा श्वास बदलतो. 'चर खोदण्यात यावेत', 'जाळरेषा घेण्यात याव्यात', 'घरटी असलेली झाडे तोडू नयेत'. मूळ ग्रंथ बहुधा इंग्रजीत असतो. पण त्यातल्या सूचना वनपाल-वनरक्षकापर्यंत मराठीत उतरतात तेव्हा हे 'यावे' आणि 'नये' पानोपानी भेटत राहतात. 25 अंशांहून तीव्र उतार किंवा ओढ्याच्या दोन्ही काठांची 20 मीटरची पट्टी आली की 'नये' अधिक ठाम होते. पाणी आणि माती यांच्याविषयीची सारी काळजी त्या दोन अक्षरांत साठवलेली असते. आणि या शब्दांना कायद्याचे बळही आहे : 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात दिलेल्या आदेशानुसार केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेखेरीज वनातील झाडांची तोड करता येत नाही. झाड उभे राहील की आडवे होईल, ते वाक्यावर ठरते!

1713 मध्ये जर्मनीतल्या खाणप्रशासक कार्लोवित्झने लिहिले, त्याचा आशय असा की जंगल तुटते त्या गतीनेच ते पुन्हा वाढले पाहिजे. शाश्वत वनव्यवस्थापनाचा पाठ इथूनच सांगतात. आपल्या अहवालात तो विचार कुठल्या व्याख्येत सापडत नाही; तो पहिल्या भागातले 'होते' आणि दुसऱ्या भागातले 'यावे' यांच्यामधल्या अंतरात असतो. मागच्या दशकात रोपवन का जगले नाही, हे ज्याने नीट वाचले, त्यालाच पुढच्या दशकासाठी 'लावण्यात यावे' लिहिण्याचा अधिकार.

या विध्यर्थाला कर्ता मात्र नसतो. चर खोदण्यात यावेत, पण कुणी? व्याकरणाच्या पुस्तकात हा प्रश्न कर्मणी प्रयोग म्हणून संपतो, रानात तो तिथूनच सुरू होतो. शिकवण्यासाठी याहून चांगली जागा मला दिसत नाही. विद्यार्थ्यांनी वाक्य कर्तरी करायला घेतले की कर्त्याची रिकामी जागा भरावीच लागते : वनरक्षक? रोजंदारीवरचा मजूर? संयुक्त वन व्यवस्थापन समिती? की शेळ्या घेऊन त्याच माळावर फिरणारा, ज्याला कुणी विचारलेच नाही असा गुराखी? प्रत्येक उत्तरासरशी तेच वाक्य वेगळे रान घडवू लागते.

चंद्रपूरच्या वन प्रबोधिनीत, कुंडलच्या अकादमीत हे वाचन व्हावेच. पण जळकोट-उदगीरच्या शाळा-महाविद्यालयांतल्या मराठीच्या शिक्षकांनाही माझी विनंती आहे. प्रयोग शिकवताना 'रामाने आंबा खाल्ला' थोडा वेळ बाजूला ठेवा, आपल्याच तालुक्यातल्या वनक्षेत्राच्या अहवालाचे एक पान वर्गात आणा, आणि मुलांना त्यातला कर्ता शोधायला सांगा.