‘चालुक्य शैली’ : एका संज्ञेची तपासणी

शिल्पेतिहासात राजवंशाचे नाव शैलीस देण्याची प्रथा रूढ आहे. ‘चालुक्य शैली’ ही अशीच एक संज्ञा होय. ती सोयीची आहे, यात शंका नाही; परंतु ती केवळ काळ दर्शविते की घडणीचे लक्षणही सांगते, याचा निर्णय केल्यावाचून तिचा वापर शास्त्रशुद्ध ठरत नाही.

बदामीच्या तिसऱ्या लेण्यात मंगलेशाच्या संस्कृत लेखात शके 500 (इ. स. 578) हे वर्ष नोंदलेले आहे. तेथील अनंतासनस्थ विष्णू, वराह व त्रिविक्रम या मूर्ती रुंद खांद्यांच्या व भरदार असून अलंकारांनी देहाची घडण झाकलेली नाही. नरसिंह तर हिरण्यकशिपूचे उदर विदारताना नव्हे, स्वस्थ उभा दाखविला आहे. सामर्थ्य येथे आकारमानातून व स्थैर्यातून व्यक्त होते.

पट्टदकल येथील विरूपाक्ष मंदिर दुसऱ्या विक्रमादित्याची राणी लोकमहादेवी हिने आठव्या शतकात उभारविले. वंश तोच, दगडही वालुकाश्मच. तथापि मूर्ती अधिक सडपातळ व चंचल झाल्या आहेत, आणि स्तंभांवर रामायण-महाभारतातील प्रसंग लहान पट्ट्यांतून कथारूपाने कोरले आहेत. मंदिराच्या मांडणीत कांचीच्या कैलासनाथाचा ठसा स्पष्ट आहे. विक्रमादित्याने कांची जिंकली होती व त्याचा कन्नड लेख त्या मंदिरात आजही आहे. म्हणजे राजाने संपर्काचा प्रसंग घडवून आणला; घडण मात्र कारागिरांनी बदलली. सूत्रधार गुंड अनिवारिताचारी याचे नाव लेखात, तर बलदेवासारख्या शिल्पकारांची नावे शिल्पांजवळच कोरलेली आहेत.

याउलट, चालुक्यांची सत्ता राष्ट्रकूटांनी संपविल्यावर पहिल्या कृष्णाच्या कारकिर्दीशी (इ. स. 756–773) जोडल्या जाणाऱ्या वेरूळच्या कैलासात विरूपाक्षाचीच परंपरा बेसाल्टच्या कातळात पुढे चाललेली दिसते. एकाच वंशात शैली पालटते आणि वंश पालटूनही ती टिकते. राज्य बदलले म्हणून बोली एका दिवसात बदलत नाही, तसेच हे आहे.

यास्तव ‘चालुक्य’ हे पद कालवाचक म्हणून राखावे आणि शैलीचे नामकरण स्थळ व घडण यांवरून करावे, हे इष्ट होय. अन्यथा ज्यांची नावे दगडावर स्पष्ट वाचता येतात, त्यांचे श्रेय अभ्यासक राजांच्या पदरी घालीत राहतील.