प्रेरणेची गोष्ट आणि पुरावा

चांदणी चौकातून पौडच्या दिशेने निघा. भूगाव, भुकूम, पिरंगुट, मग घोटावडे फाटा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रिसॉर्ट, कृषी पर्यटन केंद्रं, फार्महाउसचे प्लॉट, तांदूळ, मध, दूध यांचे बोर्ड दिसतील. त्यांच्यावरचे लोगो जरा नीट बघा. एक डोंगर, त्याखाली पाण्याची लाट, कुठेतरी एक पान आणि जागा उरली तर मागे अर्धा सूर्य. हे कुठून सुचलं असं विचारलंत, तर उत्तर जवळपास ठरलेलं आहे: मुळशीच्या निसर्गातून प्रेरणा घेतली.

आता विचार करा. इतक्या लोकांना स्वतंत्रपणे प्रेरणा मिळाली आणि सगळ्यांच्या हातून एकच चित्र उतरलं, हे कसं?

लोगो, जाहिरात, चित्रकला, लेखन अशा कुठल्याही सर्जनशील कामावर पीएचडी करायचा तुमचा विचार असेल, तर हा प्रश्न तुम्हाला लवकर भेटणार आहे. कारण बहुतेक संशोधन आराखड्यांत एक वाक्य असतंच: 'निवडक डिझायनरांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या प्रेरणास्रोतांचा अभ्यास केला जाईल.' माझ्याही आराखड्यात होतं. ते वाक्य कच्चं का आहे, हे आज तीन प्रसिद्ध चिन्हं आणि माझा स्वतःचा एक लोगो घेऊन सांगतो.

पहिलं उदाहरण पुण्यातलंच. बँक ऑफ महाराष्ट्रची नोंदणी १९३५ सालची, मुख्यालय पुण्यात. तिच्या बोधचिन्हात दीपमाळ आहे. जेजुरीला गेलेल्या कोणालाही दीपमाळ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. बँकेने त्याचा अर्थही दिला आहे: स्तंभ म्हणजे संस्थेची ताकद, दिवे म्हणजे सेवा देणाऱ्या शाखा. इथवर ठीक. पण पुढे त्यात इंग्रजी 'एम' अक्षरंही आहेत आणि त्यांचा अर्थ सांगितला जातो तो असा: मोबिलायझेशन ऑफ मनी, मॉडर्नायझेशन ऑफ मेथड्स, मोटिव्हेशन ऑफ स्टाफ.

हे मराठीत करून बघा. पैशाचं संकलन, पद्धतींचं आधुनिकीकरण, कर्मचाऱ्यांना प्रोत्साहन. 'म' गायब! म्हणजे चित्र देवळाच्या अंगणातलं आणि स्पष्टीकरण इंग्रजीतल्या अनुप्रासावर उभं. दीपमाळ बघून एखाद्याच्या मनात 'मॉडर्नायझेशन ऑफ मेथड्स' आलं असेल यावर माझा विश्वास बसत नाही. ती भाषा कार्यालयातल्या परिपत्रकाची आहे. आता हे स्पष्टीकरण खोटं आहे असं मी म्हणत नाहीये. बँक स्वतःच्या चिन्हाला हवा तो अर्थ देऊ शकते. पण तो अर्थ वाचून आपल्याला कळतं ते बँक स्वतःकडे कशी बघत होती, तेवढंच. चित्र कसं सुचलं ते त्यातून कळत नाही. संशोधक म्हणून आपण या दोन गोष्टींची गल्लत करतो आणि शोधनिबंधात बिनधास्त लिहितो, 'या बोधचिन्हाची प्रेरणा...'

दुसरं उदाहरण स्टेट बँक ऑफ इंडियाचं. निळं वर्तुळ, मध्ये छोटा गोल आणि त्यातून खाली गेलेली फट. १९७१ मधलं हे चिन्ह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या शेखर कामत यांचं. याच्या तीन गोष्टी फिरतात. कोणी म्हणतं हे कुलपाचं छिद्र, म्हणजे सुरक्षितता. कोणी म्हणतं मोठ्या वर्तुळातला सामान्य माणूस. तिसरी गोष्ट सगळ्यांत लोकप्रिय: अहमदाबादचा कांकरिया तलाव वरून पाहिला की असाच दिसतो, गोल पाणी, मध्ये बेट आणि तिथे जाणारी सरळ वाट.

तिन्ही गोष्टी ऐकायला छान आहेत. पण तुम्ही संशोधन करणार असाल, तर तिसऱ्या गोष्टीला तरी दोन प्रश्न विचारायलाच हवेत. एक, १९७१ साली तलाव 'वरून' कोणी पाहिला? उपग्रहाची छायाचित्रं तेव्हा कोणाच्या खिशातल्या फोनवर नव्हती. नकाशा पाहिला असेल, नाही असं नाही, पण मग तो नकाशा दाखवायला हवा. दोन, ही गोष्ट सगळ्यांत आधी छापून कधी आली? चिन्हाच्या जन्मानंतर लगेच की कित्येक वर्षांनी? निव्वळ या दुसऱ्या प्रश्नावर एक चांगला लघुप्रबंध होऊ शकतो. आकार सारखा दिसतो म्हणून उगम तोच, हे अनुमान कच्चं आहे. वर्तुळ आणि रेघ तर बांगडीच्या दुकानातही सापडेल.

तिसरं उदाहरण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण ते तुमच्याआमच्यासारख्या एका पीएचडीच्या विद्यार्थ्याचं आहे. रुपयाचं चिन्ह. केंद्र सरकारने २००९ मध्ये खुली स्पर्धा जाहीर केली. ३,३३१ प्रवेशिका आल्या, त्यांतून ५ अंतिम फेरीत निवडल्या गेल्या आणि १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने डी. उदय कुमार यांचं चिन्ह मान्य केलं. उदय कुमार तेव्हा आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये पीएचडी करत होते. विषय होता तमिळ अक्षररचना.

चिन्हाचं स्पष्टीकरण तुम्ही ऐकलं असेल. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांचा मेळ. वरच्या दोन समांतर रेघा आणि त्यांमधली मोकळी जागा म्हणजे तिरंगा. त्याच दोन रेघा म्हणजे 'बरोबर'चं चिन्ह, म्हणून आर्थिक समतोल.

आता चिन्हाकडे बघा. 'र' आणि 'आर' यांचा मेळ डोळ्यांना दिसतो, कोणी सांगायची गरज नाही. रोमन अक्षराचा उभा दांडा काढून टाकला आणि वर शिरोरेघ दिली की दोन्ही लिप्या वाचणाऱ्याला आपापलं अक्षर मिळतं. हे फार हुशारीचं काम आहे आणि चिन्ह टिकलं ते यामुळे, असं माझं मत. शिवाय ते हाताने झटकन काढता येतं. किराणा दुकानदाराच्या बिलावर बघा. पण तिरंगा? एकाच शाईत छापल्या जाणाऱ्या चिन्हात तिरंगा दिसत नाही, सांगावा लागतो. आणि बारीक टायपात त्या दोन रेघा जवळजवळ चिकटतात, तेव्हा मधली पांढरी पट्टीही जाते.

मग तिरंगा आला कुठून? स्पर्धेची अट वाचा. भारतीय मूल्यं आणि संस्कृती व्यक्त करणारं चिन्ह हवं, अशी मागणीच होती. प्रश्नातच संस्कृती मागितली होती, उत्तरात ती दिली गेली. तुम्हीआम्ही कोणीही असतो तरी हेच केलं असतं. म्हणजे ज्याला आपण 'प्रेरणा' म्हणून टिपून घेतो, ते पुष्कळदा ग्राहकाच्या मागणीला दिलेलं उत्तर असतं.

अजून एक गंमत बघा. 'कलावंताला प्रेरणा त्याच्या मुळांतून मिळते' हे आपलं आवडतं वाक्य. ते इथे लावून पाहा. माणूस तमिळ, संशोधन तमिळ लिपीवर आणि चिन्ह देवनागरीच्या शिरोरेघेवर उभं. तमिळ लिपीला शिरोरेघ नसतेच. मार्च २०२५ मध्ये तमिळनाडू सरकारने अर्थसंकल्पाच्या बोधचिन्हात हे चिन्ह न वापरता तमिळमधलं 'रू' अक्षर वापरलं, तेव्हा या विसंगतीची देशभर चर्चा झाली. त्यातला राजकीय वाद बाजूला ठेवू. आपल्यापुरता धडा असा की 'मुळं' या सिद्धांताने ज्या चिन्हाचा अंदाज बांधला असता, ते चिन्ह प्रत्यक्षात आलंच नाही. जो सिद्धांत जुळणारी उदाहरणं तेवढीच उचलतो आणि न जुळणारी सोडून देतो, त्यावर प्रबंध उभा करू नका.

आता माझं सांगतो, कारण दुसऱ्यांच्या लोगोवर टीका करणं सोपं आहे.

पीएचडीला येण्याआधी मी काही वर्षं पिरंगुटमधून फ्रीलान्स काम केलं. तांदूळ पॅक करून विकणाऱ्या एका छोट्या व्यवसायासाठी लोगो केला होता: एक झुकलेली वक्र रेघ, टोकाला चार दाणे. सोबतच्या टिपणात लिहिलं होतं की मुळशीच्या शेतात वाऱ्यावर झुकलेली आंबेमोहोराची लोंबी पाहून ही रेघ सुचली. ग्राहक खूश. मीही ती गोष्ट पुढे अनेकांना सांगितली. संशोधनाच्या आराखड्यात तर 'स्थानिक निसर्गातून प्रेरणा' याचं उदाहरण म्हणून मी स्वतःचाच लोगो घातला. सरांनी समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले: 'हे कशावरून?'

पुरावा द्यावा म्हणून मी जुनं फोल्डर उघडलं. फाइलींच्या तारखा लावल्या. ती वक्र रेघ तांदळाच्या कामाच्या चार महिने आधीची निघाली. एका नृत्यवर्गासाठी केलेल्या आणि नापसंत झालेल्या पर्यायातली, नर्तकीच्या हाताची रेघ होती ती. तांदळाचं काम घाईचं होतं. मी रेघ उचलली, थोडी फिरवली, टोकाला दाणे लावले. लोंबी नंतर आली, टिपण लिहिताना.

मला हादरवलं ते वेगळ्याच गोष्टीने. मी खोटं बोलत नव्हतो. मला ती लोंबी खरोखर आठवत होती. शेत, वारा, सगळं. मी दुसऱ्या कोणाची मुलाखत घेत असतो आणि त्याने हेच इतक्या मनापासून सांगितलं असतं, तर मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं असतं.

मानसशास्त्रात यावर जुनं काम आहे. निस्बेट आणि विल्सन यांचा १९७७ चा लेख जरूर वाचा. त्यातल्या एका प्रयोगात लोकांसमोर नायलॉनच्या पायमोज्यांच्या चार जोड्या ठेवल्या आणि सर्वांत चांगली निवडायला सांगितलं. चारही जोड्या अगदी सारख्या होत्या. लोकांचा कल उजवीकडच्या जोडीकडे राहिला. पण का निवडली असं विचारल्यावर 'उजवीकडे होती म्हणून' असं कोणी म्हणालं नाही. आपण का निवडलं हे आपल्याला आतून दिसतं, असं आपल्याला वाटतं. बऱ्याचदा आपण पटेल असं कारण जुळवत असतो.

आणि पौड रस्त्यावरचे ते डोंगर आणि लाटा? त्यासाठी जॅन्सन आणि स्मिथ यांचा १९९१ चा 'डिझाइन फिक्सेशन'वरचा लेख बघा. आधी नमुना दाखवलेल्या गटाच्या आराखड्यांत त्या नमुन्याची वैशिष्ट्यं उतरतात, अगदी त्यातले दोषसुद्धा, असं त्यांना आढळलं. आपल्याकडे ग्राहक काय करतो? शेजारच्या रिसॉर्टच्या बोर्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो: 'असंच काहीतरी, पण वेगळं.' निसर्ग सगळ्यांसमोर आहेच, पण मला वाटतं हात बोर्ड बघून चालतो. हे माझं अनुमान आहे. तपासायचं असेल तर बोर्ड कोणत्या क्रमाने लागले आणि डिझायनरांना कोणते फोटो आले होते, हे गोळा करावं लागेल.

मग मुलाखती घ्यायच्याच नाहीत का? घ्या. पण शेवटी घ्या. आधी ग्राहकाने लिहिलेली मागणी मिळवा. कच्ची रेखाटनं मागा, तारखांसकट. फाइलींच्या आवृत्त्या मागा. नापसंत झालेले पर्याय तर आवर्जून मागा, कारण त्यांच्यासाठी कोणी सुंदर गोष्ट लिहीत बसत नाही. शक्य असेल तर काम चालू असतानाच शेजारी बसा आणि मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा. या पद्धतीवर एरिक्सन आणि सायमन यांनी सविस्तर लिहिलं आहे. आणि हाती आलेल्या प्रत्येक कागदाला दोन प्रश्न विचारा: हा कधी लिहिला आणि कोणासाठी लिहिला? मंजुरी मिळवायला लिहिलेला कागद, मंजुरीनंतर लिहिलेला कागद आणि कोणालाच दाखवायचा नसलेला वहीतला कागद, यांचं वजन सारखं नसतं.

इतकं झाल्यावर मुलाखतीला जा. तेव्हा 'प्रेरणा कुठून मिळाली?' असं विचारू नका. 'ही तिसरी फाइल का सोडून दिली?' असं विचारा. समोरचा माणूस थांबेल, आठवेल, कदाचित म्हणेल की आठवत नाही. ते 'आठवत नाही'सुद्धा लिहून घ्या.

प्रेरणेच्या गोष्टी फेकून द्या असंही मी म्हणत नाही. त्या तांदळाच्या पिशवीवर आजही माझी रेघ आहे आणि मालक येणाऱ्या गिऱ्हाइकाला लोंबीचीच गोष्ट सांगतात. त्या गोष्टीने त्यांचा तांदूळ विकला जातो, लोगोशी त्यांचं नातं जुळतं. तोही अभ्यासाचा विषय आहे आणि चांगला आहे. फक्त त्या विषयाचं नाव 'प्रेरणेचा उगम' नाही.

माझ्या आराखड्यातलं ते प्रकरण मी काढलं. नवीन प्रकरणाची सुरुवात त्या दोन फाइलींच्या तारखांनी होते. तुमच्या आराखड्यात 'प्रेरणास्रोत' हा शब्द जिथे जिथे असेल, तिथे आज रात्री समासात पेन्सिलीने लिहून बघा: हे कशावरून?