चौलचा वेढा आणि फरिश्त्याची दारू

मंडळी, वेढा म्हटलं की आपल्या नगर जिल्ह्यात चांदबीबी आठवते. १५९५-९६ साल, तटाखाली मोगलांचे सुरुंग. पण त्याआधी पंचवीस वर्षं नगरकरच वेढा घालून बसले होते, आणि तोही समुद्रकाठी, पोर्तुगिजांच्या चौलला. आजचं रेवदंडा ते हेच. त्या वेढ्याची जी हकिगत आपण डोळे मिटून मान्य करतो, तिच्याविषयी मला बोलायचं आहे.

१५७० च्या अखेरीस अली आदिलशाहाने गोवा वेढलं आणि मुर्तझा निजामशाहाने चौल. दोघांनी ठरवून. पाच वर्षांपूर्वी तालिकोटला विजयनगर बुडवलेल्या या फौजा. नगरच्या तोफांचं तर विचारूच नका. विजापूरला जी मुलूखमैदान दाखवतात ती १५४९ मध्ये नगरलाच ओतलेली. आणि चौलभोवती तेव्हा धड तटही नव्हता. लहानसा कोट, बाकी घरं आणि मठ. घराघरासाठी लढाई झाली. तरी १५७१ च्या पावसाळ्यात निजामशाहाला तह करावा लागला.

का? फरिश्ता सांगतो, सरदार फितले. पोर्तुगिजांनी त्यांना नजराणे दिले, विशेषतः दारू. आता हा फरिश्ता तरुणपणी नगरच्या दरबारात होता खरा, पण तवारीख लिहिली विजापुरात, आदिलशाही आश्रयाने. विजापूरकरही गोव्याहून हात हलवत परतले होते. अशा ठिकाणी नगरचे सरदार दारुडे ठरले तर कोणाला वाईट वाटणार? दुसरीकडे आंतोनियु द कास्तील्युचं पुस्तक, १५७३ मध्ये लिस्बनला छापलेलं. त्यात पोर्तुगीज पराक्रम. म्हणजे एक म्हणतो हरणारे बेइमान, दुसरा म्हणतो जिंकणारे शूर. दोघंही उत्तर माणसाच्या स्वभावातच शोधतात.

फितुरी झालीच नाही असं माझं म्हणणं नाही. पण समजा, सगळे सरदार निर्व्यसनी असते, तर चौल पडलं असतं का? गोवा स्वतः वेढ्यात असताना व्हाइसरॉय लुईश द अताईदला सल्ला मिळत होता, की चौल सोडून द्या. त्याने ऐकलं नाही. जहाजांतून माणसं पाठवत राहिला. म्हणजे बघा, चौलचा निकाल दारूनेच लागला, पण पिण्याच्या नव्हे, तोफांच्या! प्रवरेला उतार पाहून फौज पार नेता येते. खाडीच्या तोंडाशी ती विद्या काय कामाची? कालिकतच्या सामुद्रीची गलबतं मदतीला आली होती, पण ती वाट बंद करण्याइतकी टिकली नाहीत. तीन बाजूंनी वेढा, चौथी उघडी. याला वेढा म्हणायचं का, हा प्रश्न फरिश्त्याला पडतच नाही.

ताडून पाहायचं असेल तर वसई घ्या. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३७ मध्ये आधी ठाणे-साष्टी घेतली गेली आणि पुढे समुद्रावर मानाजी आंग्र्यांचं आरमार होतं. मदतीची आशा उरली ती मुंबईच्या इंग्रजांकडून. पोर्तुगीज बुडाले तर मराठे दाराशी येतील हे इंग्रज जाणून होते. पण जुना प्रतिस्पर्धी दुबळा झालेला त्यांना नको होता थोडाच! १५,००० रुपये दिले, तेही चर्चची चांदी आणि तोफा तारण ठेवून. मे १७३९ मध्ये वसई पडली.

पुढच्या वर्षी तहाने चौलही पोर्तुगिजांच्या हातून गेलं. त्या तहात मध्यस्थ कोण? मुंबईकर इंग्रजांचा कॅप्टन इंचबर्ड.