पडद्यामागचा राम

पडद्यापुढचं पाहून माणसाचं समाधान कधी होत नाही. बँकेत माझ्या खिडकीपाशी उभी राहिलेली गिऱ्हाइकंसुद्धा नोटा मोजता मोजता एक नजर मागच्या तिजोरीवर टाकतातच. जुन्या मालिकांच्या पडद्यामागच्या गमती गोळा करण्याचा माझा छंद हा त्यातलाच प्रकार.

या छंदाची परीक्षा झाली ती २०२० सालच्या टाळेबंदीत. दूरदर्शनने २८ मार्चपासून रामानंद सागरांचं ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतलं. १९८७ साली इथे रेडीत शेजाऱ्यांच्या ओटीवर दाटीवाटीने बसून पाहिलेली ती मालिका. आता बँकेतून आल्यावर रात्री नऊचा भाग मी आईशेजारी बसून पाहू लागलो. पण माहिती असलेला माणूस गप्प बसेल तर शपथ!

राम वनवासाला निघाले. आईने पदर डोळ्यांना लावला. मी म्हणालो, “आये, ही अयोध्या नाय. उंबरगावचो स्टुडिओ तो, गुजरातेतलो.” आई काही बोलली नाही. पुढे हनुमान आले. मी सांगितलं, “हे दारासिंग. तेव्हा साठीच्या घरात होते. त्याआधी १९७६ च्या ‘बजरंगबली’ चित्रपटातही हनुमान तेच!” तेव्हा मात्र आईने टीव्हीवरची नजर न काढता सुनावलं, “झिला, आपल्या जत्रेतलो राम पाटये देवळामागे बिडी ओढता, ता मी बघलंय. म्हणान रातीचे हात जोडूचे नाय?”

माझा सगळा ताळेबंदच चुकला. दशावतार पाहत वाढलेल्या बाईला मी पडद्यामागचं काय सांगणार? तिथे नट स्वतःच तोंडाला रंग फासतो, लिहिलेल्या संहितेवाचून रात्रभर बोलतो, आणि रंगपटात डोकावणाऱ्या पोरांना हे सगळं दिसत असतं. तरी देव उभा राहिला की हात जोडले जातातच.

तेव्हापासून मी या माहितीची दोन खाती केली आहेत. शूटिंग कुठे झालं, कोणाचं वय किती, हे पहिलं खातं. यावर व्याज मिळत नाही. दुसऱ्या खात्यात थोड्याच नोंदी आहेत. १९८८ च्या ‘महाभारता’त शकुनी झालेले गुफी पेंटल हेच त्या मालिकेची पात्रनिवड पाहत, म्हणजे फासे पहिल्यापासून त्यांच्याच हातात होते! हे कळल्यावर शकुनी आणखी आवडतो. जी माहिती कळल्यावर खेळ लहान होतो ती चहाडी; मोठा होतो ती खरी माहिती.

म्हणून शेवटी भीत भीत एकच सांगितलं, “आये, ह्या रामायणाचं संगीत रवींद्र जैन यांचं. ते जन्मांध होते.”

आई बराच वेळ गप्प राहिली. मग एवढंच म्हणाली, “म्हणानच.”

दुसऱ्या दिवशी गाणं सुरू झालं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. मीही मिटले. टीव्ही चालू होता, आणि पाहत मात्र कोणीच नव्हतं.